आधी वही, मग कपाट

गावात माजी सैनिकांची संघटना निघाली की तिच्या पहिल्या बैठकीत काय होते, हे आता मला पाठ झाले आहे. पहिला विषय वेशीवरच्या कमानीचा. दुसरा, लष्कराकडून बाद झालेला एखादा रणगाडा किंवा तोफ चौकात ठेवायला मिळेल का, हा. तिसरा, उद्घाटनाला कोणाला बोलवायचे. तेवढ्यात चहा येतो, कोणीतरी पेन्शनचा विषय काढतो आणि बैठक संपते. सातारा, सांगली, कोल्हापूर, रायगड, अहिल्यानगर, कुठेही जा, हेच. आणि आता तमिळनाडूत आल्यावर कळले की कावेरीच्या काठीही हेच.

कमानीला माझा विरोध नाही. रणगाड्यावर चढून फोटो काढणारी पोरे मला आवडतात. त्यातली दोन-चार पुढे भरतीला उभी राहतात. पण माझे मत असे आहे की गावाच्या सैनिक क्लबाने सगळ्यात आधी एक वही घालावी. जाड पुठ्ठ्याची, शिवलेली, पाने मोजून क्रमांक घातलेली. त्या वहीत नावे यावीत. मग कपाट. कमान सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर. क्रम उलटा झाला की काय होते, ते या पोस्टिंगवर मी जवळून पाहतो आहे, म्हणून हा लेख.

सध्या माझी नेमणूक मध्य तमिळनाडूत आहे. माजी सैनिक आणि वीरनारी यांच्या भेटीगाठी हा कामाचाच भाग. त्या निमित्ताने सुंदरपेरुमाळ कोयिल नावाच्या गावी जाणे झाले. कुंभकोणमहून तंजावरकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाडीत बसले की आधी दारासुरम लागते, मग स्वामिमलै, आणि त्यानंतर हे छोटे स्थानक. पेरुमाळ म्हणजे विष्णू आणि कोयिल म्हणजे देऊळ. देवळाचेच नाव गावाला पडलेले. दोन्ही बाजूंना भातशेती, नारळ, केळी. मराठी माणसाला हा मुलूख तसा परका नाही. १७व्या शतकात व्यंकोजीराजे इथे आले आणि त्यांच्या घराण्याने तंजावरवर पावणेदोनशे वर्षे राज्य केले. तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास १८०३ साली मराठीत कोरलेला आहे. आपली भाषा दगडावर वाचायची आणि बाहेर येऊन फिल्टर कॉफी प्यायची, हे सुख इथेच मिळते.

त्या दिवशी गावातले आणि आजूबाजूच्या खेड्यांतले वीस-बावीस माजी सैनिक जमले होते. बहुतेक मद्रास रेजिमेंट आणि मद्रास सॅपर्सचे, काही तोफखान्याचे, दोघे-तिघे ईएमईचे. त्यांचा क्लब म्हणजे एका दुकानामागची खोली, कॅरम बोर्ड, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि दाराशी तिरंगा. तेवढे पुरते. त्यांना त्या खोलीत एक कपाट करायचे होते. काचेचे, आत दिवे असलेले. त्यात काय ठेवणार, असे विचारल्यावर सगळे एकदम बोलू लागले. पुढच्या भेटीत ज्याने त्याने घरून काय काय आणून दाखवले.

ट्रंका उघडल्या की आपल्या देशातले सगळे फौजी एकाच घरचे वाटतात. काळी लोखंडी पेटी, वर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. आत डांबराच्या गोळ्यांचा वास. बेल्टचे पितळी बक्कल. जुन्या पद्धतीची मेस टिन. पलटणीचा ग्रुप फोटो, ज्यात अर्धी तोंडे बुरशीने खाल्लेली. आंतरदेशीय पत्रांची जुडी. वडिलांच्या किंवा आजोबांच्या दुसऱ्या महायुद्धातल्या मेडल्स. आणि एकाकडे एक चांदीची मेडल, रिबन नसलेली, आजोबांच्याही आधीची. कोणाची, ते घरात कोणालाच माहीत नव्हते.

मी ती उजेडात धरून कडेने फिरवली. ब्रिटिश काळातल्या मेडल्सची एक गोष्ट सामान्य लोकांना माहीत नसते. राजाचा चेहरा एका बाजूला, दुसऱ्या बाजूला चित्र. पण खरा मजकूर असतो कडेवर. पहिल्या महायुद्धाच्या ‘ब्रिटिश वॉर मेडल’च्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. सैनिकांना ती चांदीची मिळाली. मजूर पलटणी आणि फौजेबरोबरच्या सेवकांना तीच ब्राँझमध्ये. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या गोऱ्या शिपायाला मिळालेल्या स्टारवर आणि मेडलवर नाव नसे, पण भारतीय फौजेतल्या शिपायाच्या मेडलवर असे. स्वातंत्र्यानंतरही ही पद्धत चालू राहिली. १९७१च्या संग्राम मेडलची कड पाहा.

या मेडलच्या कडेवर मात्र काही वाचता येत नव्हते. एक अंक, मग गुळगुळीत धातू. कारण आपल्याच फौजी सवयीत आहे. चमकले पाहिजे! तीन पिढ्यांनी दर १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला ती ब्रासोने घासली होती. आदराने घासली होती. आणि घासता घासता माणसाचे नाव पुसून टाकले होते. आता ती एक औंसभर चांदी आहे, बाकी काही नाही. सोनाराकडे तिचा भाव होईल. क्लबाच्या कपाटात ती कोणाची म्हणून ठेवणार?

माझे सगळे म्हणणे या एका मेडलमध्ये आहे. नावाशिवाय वस्तू म्हणजे मोड. जुन्या बाजारात अशा मेडल्स ढिगाने मिळतात. हे काम चोरांचे नाही. ते घरच्यांनीच केलेले आहे. आजोबा गेले, आजी गेली, ट्रंक गंजली, घर पाडून बंगला बांधताना अडगळ काढली. नातवाला कोणी सांगितलेच नाही की हे काय आहे, तर त्याने तरी काय करावे?

आता नावांविषयी. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने हिंदुस्थानभर गावोगावी संगमरवरी पाट्या बसवल्या. शाळेच्या, चावडीच्या, देवळाच्या भिंतीवर त्या अजून दिसतात. मजकूर सगळीकडे जवळपास सारखाच: या गावातून १९१४ ते १९१९च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यांतील इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे. बहुतेक पाट्यांवर नाव एकही नाही. साम्राज्याला आकडा पुरेसा होता. त्याला गावाचे आभार मानायचे होते, माणसाला ओळखायचे नव्हते.

साताऱ्याजवळचे अपशिंगे हे तर आपल्याकडचे सगळ्यात मोठे उदाहरण. मिलिटरी अपशिंगे असेच नाव पडलेले गाव. पहिल्या महायुद्धात या गावाचे ४६ जवान कामी आले. घरटी एक माणूस फौजेत, ही त्या गावाची रीत, आणि ती १९६२, १९६५, १९७१मध्येही मोडली नाही. ४६ हा आकडा भाषणांत येतो, वर्तमानपत्रांत येतो, स्पर्धा परीक्षेच्या पोरांना पाठ असतो. पण त्या ४६पैकी पाच नावे सांगा, असे साताऱ्याच्या बाजारपेठेत उभे राहून विचारले, तर किती हात वर होतील? ते लोक कुठे पडले? मराठा पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ या तीन कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. शेवटी उपासमारीने शरणागती आणि मग वाळवंटातून कैदेचा प्रवास. ज्या घरातला माणूस तिकडे गेला, त्या घराला आकड्याने काय होते?

नावे लिहून ठेवली तर काय होते, याचेही उदाहरण आहे. पंजाब सरकारने पहिल्या महायुद्धानंतर आपल्या सैनिकांच्या गावनिहाय नोंदवह्या केल्या होत्या. सुमारे ३,२०,००० माणसांच्या नोंदी. त्या वह्या लाहोरच्या संग्रहालयात ९७ वर्षे पडून होत्या. २०२१मध्ये त्यांतला काही भाग संगणकावर सर्वांसाठी खुला झाला आणि इंग्लंड-कॅनडात वाढलेली पंजाबी मुले आपल्या पणजोबांचे नाव, गाव, पलटण शोधू लागली. फाळणी झाली, गाव पलीकडे राहिले, घरे जळाली, वस्तू गेल्या; वही होती म्हणून माणूस सापडला. कोणत्याही तोफेने हे काम केले नसते.

आपल्याकडे माजी सैनिकांची काळजी घेणाऱ्या संस्था नाहीत असे नाही. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या लाखो शिपायांसाठी ‘इंडियन सोल्जर्स बोर्ड’ स्थापन झाले. १९१९पासून ते या नावाने काम करू लागले. तेच आजचे केंद्रीय सैनिक बोर्ड. त्याखाली राज्याचे आणि जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय. ७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९पासून पाळला जातो. इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीग १९६४ची. पण हे सगळे आहे कल्याणासाठी, म्हणजे पेन्शन, शिष्यवृत्ती, उपचार, कॅन्टीन. ते हवेच. त्यात आठवणींचे खाते मात्र कधी उघडले गेले नाही.

ऑस्ट्रेलियात आपल्यासारखीच संघटना १९१६मध्ये निघाली, तिला लोक आरएसएल म्हणतात. तिथल्या छोट्या छोट्या गावांत आरएसएलचा क्लब असतो. जेवण, बिअर, जुगाराची यंत्रेसुद्धा. आपल्या कॅन्टीनच्या रांगेपेक्षा फार पवित्र जागा असते असे समजू नका. पण बऱ्याच क्लबांत संध्याकाळी ६ वाजता दिवे मंद होतात, लोक ग्लास खाली ठेवून उभे राहतात, मृतांची आठवण करणाऱ्या चार ओळी म्हटल्या जातात आणि मग जेवण पुढे चालू होते. भिंतीवर गावातून गेलेल्यांची नावे सोनेरी अक्षरांत. कोण परतला नाही, त्याच्या नावापुढे खूण. एका मिनिटाचे काम. आपल्या क्लबात असा एक मिनिट नाही. असावा, पण तो नुसत्या शिट्टीने येत नाही. आधी वाचायला नावे लागतात.

इथे एक आक्षेप नेहमी निघतो. मराठी वाचक तो पत्रातून विचारतात आणि सुंदरपेरुमाळ कोयिलमध्ये एका तरुण शिक्षकानेही विचारला. आजोबा लढले ते इंग्रजांसाठी. त्याचे आपण कशाला कौतुक करायचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला इथून फार लांब जावे लागत नाही. तंजावर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, मल्लिपट्टिनमजवळ, मनोरा नावाचा आठ मजली षट्कोनी बुरूज आहे. तो बांधला दुसऱ्या सरफोजीराजांनी, म्हणजे एका भोसल्याने. कशासाठी? इंग्रजांनी नेपोलियनचा पाडाव केला, त्याच्या स्मरणार्थ. शिलालेखावर साल आहे १८१४. पण लोकांच्या तोंडी, आणि काही प्रवासी पुस्तकांतही, तो वॉटर्लूचे स्मारक म्हणून प्रसिद्ध आहे. वॉटर्लूची लढाई झाली जून १८१५मध्ये! दगडावरचे साल न वाचता गोष्ट सांगितली की असे होते. असो. ज्या युद्धात तंजावरचा एक शिपाई मेला नाही, त्याच्यासाठी आठ मजले बांधले गेले. आणि ज्या युद्धांत या कावेरीच्या खोऱ्यातली आणि आपल्या कृष्णाकाठची खरी माणसे गेली, त्यांच्यासाठी आपण ‘युद्ध कोणाचे होते’ यावर वाद घालत बसतो.

राजाचे स्मारक राजासाठी असते, ते सोडून देऊ. शिपायाचा हिशोब वेगळा आहे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. वय २२. त्यांच्या सेक्शनमधले बाकीचे मारले गेले किंवा जखमी झाले होते. त्यांनी एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर चाल केली. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचे स्मारक आहे. पण मला अधिक बोलके वाटते ते दुसरे. इटलीतल्या मोंतोने या छोट्या गावाने जुलै २०२३मध्ये त्यांच्या नावाने एक छायाघड्याळ उभारले. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलेल्या ओळीचा अर्थ, आपण सारे एकाच सूर्याखाली. इटलीच्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिक मेले. मोंतोनेच्या लोकांनी त्यांतला एक निवडला, त्याचे नाव घेतले, गाव शोधले. ते युद्ध कोणत्या राजाचे होते, हे त्यांनी विचारले नाही. आपल्या डोंगरात कोण येऊन मेला, हे विचारले. मोंतोने एवढे करू शकते, तर आपल्या गावाने आपल्याच माणसाचे नाव वहीत लिहायला कोणाची परवानगी घ्यायची?

उलट अडचणीच्या आठवणी तर आधी लिहून घ्याव्यात, कारण त्याच आधी जातात. सुंदरपेरुमाळ कोयिलच्या त्या मंडळींत दोघे असे होते, ज्यांनी ट्रंकेतले सगळे दाखवले, पण १९८७ ते १९९०ची पाने उलटली नाहीत. ऑपरेशन पवन. श्रीलंकेतली शांतिसेना. त्या मोहिमेत आपले सुमारे १,२०० जवान गेले. मार्च १९९०मध्ये शेवटची तुकडी परतली, तेव्हा मद्रासच्या बंदरात स्वागत थंडच होते. तमिळ माणसाच्या मनात त्या युद्धाची दुसरी बाजूही होती आणि अजून आहे. तमिळ शिपायासाठी तर ते दुहेरी ओझे. समोरचा त्याचीच भाषा बोलत होता. गावाने विचारले नाही, यांनी सांगितले नाही, आणि पस्तीस वर्षे गेली.

त्या मोहिमेचे परमवीर चक्र कोणाला मिळाले, हे मी त्यांना विचारले. दोघांनीही लगेच सांगितले: मेजर रामस्वामी परमेश्वरन, ८ महार, २५ नोव्हेंबर १९८७. तमिळ घरातला, मुंबईत जन्मलेला, महार रेजिमेंटमध्ये लढलेला अधिकारी. तंजावरात मराठी राजा आणि महार पलटणीत तमिळ मेजर. आपला देश असा एकमेकांत विणलेला आहे. परमवीरांचे नाव शाळेच्या पुस्तकात येते, रस्त्याला मिळते. पण त्या १,२००मधल्या लान्सनायकाचे? आणि जो परत आला, गप्प राहिला, सकाळी शेतावर आणि संध्याकाळी कॅरम खेळायला जातो, त्याचे? क्लबाच्या कपाटात १९७१ला जागा आहे, कारगिलला आहे. जिंकलेल्या युद्धांना सगळेच जागा देतात. ज्या युद्धाविषयी गाव बोलत नाही, त्याचा शिपाई गावाच्या क्लबात बोलू शकला नाही, तर मग क्लब कशासाठी?

दुसरा आक्षेप माझ्या बरोबरीचे अधिकारी घेतात. रेजिमेंटल सेंटरची संग्रहालये आहेत. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे आहे, अहिल्यानगरला रणगाड्यांचे आहे, पुण्यात लोकवर्गणीतून उभे राहिलेले युद्धस्मारक आहे, आणि २०१९पासून दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारकावर नावे कोरलेली आहेत. मग खेड्यातल्या खोलीचे काय? ती संग्रहालये मी पाहिली आहेत आणि अभिमानाने पाहिली आहेत. पण पलटण आठवते ती लढाईच्या क्रमाने. गाव आठवते ते घराच्या क्रमाने. पलटणीच्या लेखी तो अमुक नंबरचा शिपाई, अमुक कंपनी. गावाच्या लेखी तो विहिरीपलीकडच्या घरातला मधला मुलगा, जो पोहायला पट्टीचा होता. दिल्लीच्या भिंतीवर फक्त शहीद आहेत, आणि ते योग्यच आहे. पण जो जिवंत परतला आणि चाळीस वर्षे गावात राहून परवा गेला, त्याला कोणती भिंत आहे?

पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी ब्रिटिश सरकारने एक ब्राँझची तबकडी पाठवली, सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची. तिला लोक ‘डेड मॅन्स पेनी’ म्हणत. तिच्यावर नाव असे, पण हुद्दा नसे. मेल्यावर सगळे सारखे म्हणून. चांगला विचार. पण गावाच्या वहीत मी हुद्दाही लिहीन. आपल्याकडे हवालदार होण्यासाठी माणसाने आयुष्य घातलेले असते. त्याचा हुद्दा त्याच्यापासून काढून घेऊ नये.

आणि वही ही नुसती आठवणींची चैन नाही. एका आजींचे उदाहरण देतो. गाव वेगळे होते, राज्यही सांगत नाही. पती दुसऱ्या महायुद्धात होते, युद्ध संपल्यावर कपात झाली, पेन्शन नव्हती. अशा सैनिकांना व त्यांच्या पत्नींना काही राज्ये मासिक मदत देतात, पण सेवेचा पुरावा लागतो. घरात डिस्चार्ज बुक नव्हते. होती ती फक्त एक मेडल, आणि सुदैवाने ती कोणी घासली नव्हती. कडेवरचा नंबर वाचून रेकॉर्ड ऑफिसला पत्र गेले. उत्तर यायला वेळ लागला, पण आले. आजींना पैसे मिळू लागले तेव्हा त्या ९०च्या पुढे होत्या. गावाच्या क्लबात २० वर्षे आधी कोणी तो नंबर एका वहीत उतरवून ठेवला असता, तर?

म्हणून आता थोडी कामाची भाषा. सुंदरपेरुमाळ कोयिलच्या मंडळींना जे सांगितले, तेच इथे लिहितो. महाराष्ट्रातल्या कोणत्याही क्लबाला चालेल.

एका माणसाला एक पान. नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, आईवडिलांचे नाव, पलटण, भरतीचे आणि निवृत्तीचे साल, कुठे कुठे नेमणूक. खाली त्याच्याच शब्दांत चार ओळी, त्याच्याच बोलीत. शुद्धलेखन सुधारू नका. वयाने सगळ्यात मोठ्या माणसापासून सुरुवात करा. तरुण निवृत्त झालेला पुढच्या वर्षी भेटेल, ८५चा भेटेलच असे नाही. स्त्रियांना विसरू नका. पत्रे त्यांनी जपलेली असतात, आणि नवरा सीमेवर असताना घर कसे चालले, तीही युद्धाचीच नोंद आहे.

वस्तू आली की तिला क्रमांक द्या. कोणी दिली, कधी दिली, देणगी की फक्त सांभाळायला, हे लिहून दोघांची सही घ्या. पुढची भांडणे टळतात. मेडलला ब्रासो लावू नका. कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि कडेचा फोटो काढा. पत्रे लॅमिनेट करू नका. कावेरीच्या दमट हवेत आणि कोकणच्या पावसात प्लास्टिकच्या आत कागद कुजतो. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनची कागदपत्रे घरीच राहू द्या; क्लबात फक्त प्रत. कोणी जिवंत काडतूस, ग्रेनेड किंवा हत्यार आणले तर कौतुक न करता, हात न लावता पोलिसांना कळवा. जुने नकाशे, सिग्नलच्या वह्या, ‘गोपनीय’ शिक्का असलेले काहीही काचेमागे ठेवू नका. आणि परदेशी गिऱ्हाईक पहिल्या महायुद्धाच्या वस्तूला चांगली किंमत देतो म्हणाले, तर लक्षात ठेवा, १०० वर्षे झालेल्या ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर नेण्यावर कायद्याचे बंधन आहे.

वहीच्या दोन प्रती करा. एक क्लबात, दुसरी गावाच्या शाळेत. मोबाइलवर फोटो जरूर काढा, पण व्हॉट्सअॅपच्या ग्रुपला संग्रह समजू नका. फोन बदलला की इतिहास गेला. आणि लिहिण्याचे काम नववी-दहावीच्या मुलांना द्या. सुंदरपेरुमाळ कोयिलमध्ये मी हे सुचवले, तेव्हा सॅपर्समधून निवृत्त झालेले एक सुभेदार साहेब म्हणाले, ‘सार, माझा नातू माझे ऐकत नाही. पण दुसऱ्याचा नातू ऐकेल.’ खरी गोष्ट आहे. प्रत्येकाने दुसऱ्याच्या आजोबांकडे जावे.

त्यांची वही सुरू झाली आहे, तमिळमध्ये. मला अजून ती नीट वाचता येत नाही, अक्षर लावत वाचतो. काचेचे कपाट अजून आलेले नाही आणि त्याविषयी कोणी बोलतही नाही. ती गुळगुळीत मेडल एका पाकिटात ठेवली आहे. तिच्या पानावर नावाची जागा रिकामी आहे, उरलेला एक अंक आणि घराचे नाव तेवढे लिहिले आहे. एखाद्या जुन्या कागदात तो अंक जुळला तर जागा भरेल.

महाराष्ट्रातल्या माझ्या माजी सैनिक वाचकांना एवढीच विनंती. येत्या ७ डिसेंबरला ध्वजदिन आहे. कुतचा वेढा सुरू झाला तोही याच तारखेला. त्या दिवशी डब्यात पैसे टाकाच. पण त्याआधी आपल्या गावाच्या क्लबात एक वही ठेवा आणि पहिल्या पानावर स्वतःचे नाव न लिहिता, गावातल्या सगळ्यात वृद्ध फौजीच्या घरी जा. पेन बरोबर न्या. पायऱ्या चढताना हाक मारा, चहाला नाही म्हणू नका, आणि सुरुवात नंबरापासून करा. फौजी माणूस सगळे विसरतो, पण आपला नंबर विसरत नाही.